वाचक विचारतात : दगडफुलातलं शैवाल प्लेटवर कसं वाढवायचं?

मागच्या अंकात या सदरात दगडफुलाबद्दल लिहिलं होतं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात परत सांगते. दगडफूल म्हणजे लायकेन, आणि लायकेन हा एकटा जीव नाही. बाहेरून दिसते ती बुरशी, आणि तिच्या वरच्या सालीच्या खाली पातळ थरात राहतं ते हिरवं शैवाल, काहींमध्ये शैवालाच्या जागी सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उजेडावर अन्न बनवणारे जीवाणू. शैवाल उजेडात साखर बनवतं, बुरशी ती खाते आणि त्याला राहायला जागा देते. शेवटी सहज एक ओळ टाकली होती की हे शैवाल बाहेर काढून लॅबमध्ये वाढवता येतं. त्या एका ओळीवर एवढे प्रश्न आलेत की जास्वंदीवरचा मिलीबग, मनीप्लांटची पिवळी पानं वगैरे सगळं या महिन्यात बाजूला ठेवलंय, त्या मंडळींनी प्लीज रागावू नका.

मॅडम, मी टीवायबीएस्सी बॉटनीला आहे. प्रोजेक्टसाठी आंब्याच्या खोडावरचं करडं लायकेन आणलं, स्वच्छ धुतलं, बारीक तुकडे करून अगारवर ठेवले. आठवड्यात सगळी प्लेट काळ्या-हिरव्या बुरशीने भरली. परत केलं तर परत तेच. गाईड सर म्हणतात विषय बदल. काय करू?
– एक विद्यार्थिनी, नौपाडा, ठाणे

विषय अजिबात बदलू नकोस गं. मिडिया, म्हणजे अगारच्या जेलीत घातलेलं खाद्य, कुठला वापरलास ते तू लिहिलं नाहीस, पण आठवड्यात प्लेट भरली म्हणजे पीडीएच असणार, कॉलेजच्या लॅबमध्ये तोच पडलेला असतो. पीडीए म्हणजे बटाटा आणि साखर, म्हणजे हवेतल्या प्रत्येक बुरशीला पंगतीचं आमंत्रण. आणि एक लक्षात घे, ती काळी-हिरवी बुरशी दगडफुलातली नाहीच. लायकेनची स्वतःची बुरशी इतकी सुस्त असते की काही मिलिमीटर वाढायला महिने घेते. तुला दिसली ती अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम अशी उडाणटप्पू मंडळी, त्यांचे स्पोअर खोडावर, धुळीत, तुझ्या ओढणीवर, सगळीकडे असतात आणि पावसाळ्यात तर विचारूच नको.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे साखर बंद. शैवालाला साखर लागत नाही, ते उजेडावर स्वतःची करून घेतं. बोल्ड्स बेसल मिडियम, सगळे बीबीएम म्हणतात, तो बनव. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरला सोडियम नायट्रेट ०.२५ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.१७५, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट ०.०७५, मॅग्नेशियम सल्फेट ०.०७५, आणि कॅल्शियम क्लोराइड व मीठ प्रत्येकी ०.०२५ ग्रॅम, वर लोह, बोरॉन, झिंक, मँगनीज वगैरे ट्रेस एलिमेंट्सचं स्टॉक सोल्यूशन. तयार पावडरही मिळते, तुमच्या लॅब असिस्टंटना विचार. घट्ट करायला १५ ग्रॅम अगार. बस. एवढ्या कोरड्या जेवणावर परक्या बुरशीचा उत्साह निम्म्याने कमी होतो.

दुसरी गोष्ट, तुकडे ठेवायचेच नाहीत. अख्खा तुकडा ठेवलास की त्याच्यावर बसलेले सगळे पाहुणे बरोबर येतात. लायकेन आधी बारीक धारेच्या नळाखाली तासभर धुवायचं, मग स्टराइल (जंतुविरहित) पाण्यात थेंबभर ट्वीन-८०, म्हणजे लॅबमधलं साबणासारखं द्रव्य, घालून खळबळायचं, मग नुसत्या स्टराइल पाण्यात चार-पाच वेळा. आता ओला तुकडा डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली धर आणि नवीन ब्लेडच्या कोपऱ्याने वरची करडी साल हलकेच खरवडून काढ. साल निघाली की खाली एकदम पोपटी हिरवं दिसतं, थर इतका पातळ असतो की जरा जोर लावलास तर सरळ खालच्या पांढऱ्या कापसात घुसशील. ते हिरवं सुईच्या टोकावर घ्यायचं, स्लाइडवर स्टराइल पाण्याच्या थेंबात सोडायचं, वर दुसरी स्लाइड ठेवून दोन्ही एकमेकांवर घासायच्या. मग लो पॉवरखाली बघ. हिरव्या गोळ्या सुट्या झालेल्या दिसतील, काहींना बुरशीचे धागे चिकटलेले असतील. धागे नसलेल्या गोळ्या हव्यात.

त्या उचलायच्या कशा, हा खरा हाताचा खेळ. काचेची पाश्चर पिपेट स्पिरिट लॅम्पवर ओढून केसासारखी बारीक करायची, तिने दोन-चार पेशी ओढून घ्यायच्या, दुसऱ्या स्टराइल थेंबात सोडायच्या, तिथून परत ओढून तिसऱ्या थेंबात, असं पाच-सहा थेंब. प्रत्येक थेंबात थोडे बॅक्टेरिया मागे राहतात. शेवटचा थेंब प्लेटवर स्ट्रीक करायचा, म्हणजे रेघा ओढत पसरवायचा. एकच प्लेट करून बसू नकोस, भरपूर कर, बऱ्याच वाया जातातच आणि त्यात हात वाईट असण्याचा काही संबंध नसतो.

आणि मग थांबायचं. खरं सांगायचं तर प्रोजेक्ट इथेच फसतात. ट्रेबुक्सिया, म्हणजे दगडफुलांत सर्वात जास्त सापडणारं शैवाल, त्याची कॉलनी नुसत्या डोळ्यांना दिसायला तीन ते सहा आठवडे घेते. पहिले पंधरा दिवस प्लेट कोरी दिसते आणि पोरं कंटाळून फेकून देतात. उजेड कमी ठेव, हजार लक्सच्या आसपास पुरे, मोबाईलवर लक्स मोजायचं अ‍ॅप असतं. खिडकीत तर ठेवूच नकोस, बुरशीच्या सावलीत राहायची सवय असलेला जीव आहे, कडक उजेडात फिका पडतो. मधे एखाद्या कोपऱ्यात बुरशी उगवली तर झाकण न उघडता त्या प्लेटचं काय करायचं ते ठरव, चांगली कॉलनी लांब असेल तर ती उचलून नवीन प्लेटवर घे, नाहीतर सरळ ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाच्या वाफेत सगळे जंतू मारून, फेक. गाईड सरांना सांग की मार्कशीटपेक्षा शैवालाला जरा जास्त वेळ लागतो, सबमिशन फेब्रुवारीत असेल तर कामाला ऑगस्टमध्येच लागायला हवं.

ताई, दरवर्षी एपीएमसीच्या मसाला मार्केटमधून गोडा मसाल्यासाठी दगडफूल आणते. तुमचं वाचून डब्यातलं काढून बघत बसले, मसाला राहिला बाजूला. यातलं शैवाल जिवंत असतं का? मुलाचा मायक्रोस्कोप आहे घरी, त्यात काही दिसेल का?
– एक गृहिणी, वाशी

दिसेल की, मस्त दिसेल. बाजारातल्या दगडफुलात मुख्यतः पार्मोट्रेमा असतं, वरून करडं, खालून काळं कुळकुळीत, आणि कडेला नीट बघितलंत तर बारीक काळे केस. त्यात दुसऱ्या जातीही मिसळलेल्या असतात, गोळा करणारे काही एकेक ओळखून भरत नाहीत. एक चपटा तुकडा पाच मिनिटं पाण्यात भिजवा, लगेच मऊ होतो आणि करड्यावर हिरवट झाक येते. बटाट्याच्या फोडीला चीर देऊन तो त्यात धरा आणि नव्या ब्लेडने बटाट्यासकट आडवे पातळ काप काढा, जितके पातळ तितकं बरं. काप पाण्यात टाकले की बटाटा वेगळा होतो. मायक्रोस्कोपखाली वर पातळ साल, तिच्या खाली हिरव्या गोळ्यांची रांग, मग पांढऱ्या धाग्यांचा सैल गुंता आणि तळाला काळी साल. गोडा मसाला करताना हे सगळं आपण तेलात परततो आणि घरभर तो वास सुटतो.

जिवंत आहे का, याचं उत्तर हिरव्या रंगावरून देता येत नाही, मेलेल्या पेशीतही हिरवा रंग बरेच दिवस टिकतो. नुसतं वाळल्याने लायकेन मरत नाही, उन्हात कडकडीत वाळायचं आणि पाऊस आला की परत सुरू व्हायचं हे त्याचं रोजचंच आहे. पण पोत्यात किती महिने होतं, कुठल्या गोदामात दमट हवेत पडलं होतं, कोणाला माहीत? म्हणून कल्चरसाठी, म्हणजे प्लेटवर वाढवण्यासाठी, बाजारचं वापरू नका. बघायला उत्तम, मसाल्याला तर उत्तमच.

नमस्कार मॅडम. केमिकल इंजिनियर, निवृत्त. वेळ भरपूर, मायक्रोस्कोप चांगला आहे. कॉलनीतल्या गुलमोहराच्या फांदीवरच्या लायकेनचा खरवडलेला भाग द्रव बीबीएममध्ये टाकला. दहाव्या दिवशी फ्लास्क हिरवागार! हेच ट्रेबुक्सिया ना? फोटो जोडतोय.
– एक वाचक, खारघर

नमस्कार. तुमचा उत्साह बघून बरं वाटलं पण नाही हो, हे ट्रेबुक्सिया नव्हे. दहा दिवसांत फ्लास्क हिरवागार होणं हीच शंकेची जागा आहे. लायकेनमधून काढलेलं शैवाल इतक्या घाईत नसतं. फोटोत ज्या छोट्या गोळ्या आहेत त्या क्लोरेला, म्हणजे एक मोकळं राहणारं हिरवं शैवाल, किंवा तिची एखादी चुलत बहीण, ही झाडाच्या सालीवर, भिंतीवर, हवेच्या धुळीत सगळीकडे असते आणि द्रव मिडियात एक पेशी जरी शिरली तरी बाकीच्यांना मागे टाकून फ्लास्कचा ताबा घेते. म्हणूनच पहिलं आयसोलेशन द्रवात करायचं नाही, अगारवरच करायचं, तिथे प्रत्येक कॉलनी वेगळी राहते आणि हळू वाढणाऱ्याला निदान जागा तरी मिळते.

आता फरक कसा ओळखायचा ते सांगते, चांगल्या मायक्रोस्कोपला ऑइल इमर्शन, म्हणजे तेलाच्या थेंबातून बघायची जास्त पॉवरची लेन्स, असते, ती असेल तर काम सोपं आहे. आधी साइझ. क्लोरेलाची पेशी साधारण २ ते १० मायक्रॉनची, ट्रेबुक्सिया बहुतेक वेळा त्याहून मोठं, १० ते १५ सहज. पण नुसत्या साइझवर जाऊ नका, तरुण पेशी लहान असतातच. बघायचा आहे तो क्लोरोप्लास्ट (हरितलवक). क्लोरेलाचा पेशीच्या भिंतीला आतून चिकटलेला असतो, वाटीच्या आकाराचा, त्यामुळे कडा हिरव्या आणि एका बाजूला मोकळी जागा दिसते. ट्रेबुक्सियाचा बरोबर उलटा, एकच मोठा क्लोरोप्लास्ट पेशीच्या मधोमध, त्याच्यापासून चहूबाजूंना फाटे निघालेले, चांदणीच्या आकाराचा. फाइन फोकस सावकाश वर-खाली फिरवा. वरच्या पातळीवर फाट्यांची टोकं भिंतीजवळ हिरव्या ठिपक्यांसारखी दिसतात, थोडं खाली गेलं की ठिपके एकमेकांना जोडले जातात, आणि अगदी मध्यावर आलं की केंद्रात एक गोल चकचकीत दाणा दिसतो, तो पायरेनॉइड. न्यूक्लियस मात्र मध्ये नाही, क्लोरोप्लास्टने त्याला बाजूला ढकललेलं असतं. हे एकदा डोळ्यात बसलं की परत गल्लत होत नाही. फक्त ताजी वाढती कॉलनी घ्या, जुन्या पेशींत साठा इतका झालेला असतो की चांदणी नुसता हिरवा गोळा दिसते. लायकेनमधून थेट काढलेल्या पेशीतही ती इतकी स्वच्छ दिसत नाही, कल्चरमध्येच खुलते.

तुमच्यासारख्या माणसाला आवडेल असं अजून एक. हे क्लोरेला नाव १८९० साली डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी दिलं, आणि लायकेनमधलं शैवाल वेगळं काढून वाढवल्याचं त्यांनी त्याच लेखात लिहिलंय. म्हणजे तुमच्या फ्लास्कमधलं पाहुणं आणि तुम्हाला हवं असलेलं, दोघं पहिल्यापासून एकत्रच प्रयोगशाळेत आलेत.

खरं ट्रेबुक्सिया हातात आलं की एक प्रयोग जरूर करा. अगारवरची वाढती कॉलनी थोडी उचलून ताज्या द्रव बीबीएममध्ये सोडायची, रात्रभर अंधारात ठेवायची आणि सकाळी थेंब बघायचा. नशीब असेल तर झूस्पोअर पोहताना दिसतील, भिंत नसलेल्या लांबट पेशी, पुढे दोन शेपट्या. लायकेनच्या आत हे दिसत नाही, तिथे पोहायला ना जागा ना मोकळीक. तेच शैवाल, बाहेर आलं की वागणंच बदलतं. मला विचाराल तर सगळी खटपट या एका दृश्यासाठी करावी.

प्युअर झालं का याची परीक्षा मात्र साखरेवर घ्या. बीबीएममध्ये २ टक्के ग्लुकोज आणि १ टक्का प्रोटिओज पेप्टोन घालून प्लेट करा. ट्रेबुक्सियाला साखर फुकट मिळाली तर आवडते, त्यावर ते उलट जोमाने वाढतं, आणि एखादा बॅक्टेरिया किंवा बुरशी लपून बसली असेल तर दोन-तीन दिवसांत स्वतःहून वर येते. म्हणजे साखर आधी नाही, शेवटी. फोटो परत पाठवा, पण स्केल बारसकट, म्हणजे मापाच्या रेघेसकट.

आमच्या सोसायटीच्या कंपाउंड वॉलवर पावसाळ्यात केशरी रंगाचं मखमलीसारखं काहीतरी येतं. सेक्रेटरी म्हणतात गंज आहे. हे लायकेन आहे का?
– एक शिक्षिका, सीबीडी बेलापूर

गंज नाही आणि लायकेनही नाही, पण लायकेनचं होऊ घातलेलं म्हणू शकता. हे ट्रेन्टेपोहलिया, गंमत म्हणजे हे हिरव्या शैवालांच्या कुळातलं, फक्त पेशीत कॅरोटीन इतकं भरलेलं असतं की हिरवा रंग त्याखाली झाकला जातो. आपल्याकडे कोकणात, सह्याद्रीत पावसाळी भिंती आणि खोडं याने रंगतात. उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच लायकेनमध्ये ट्रेबुक्सियाऐवजी हेच असतं, झाडाच्या पांढऱ्या खोडावर काळ्या शाईने गिचमिड केल्यासारखं दिसतं ना, ते ग्राफिस नावाचं लायकेन, नखाने जरा खरवडलं की आत हिरवट-पिवळं दिसतं ते बहुधा हे.

२००१ साली केरळात तांबडा पाऊस पडला होता, आठवत असेल, पेपरात फार गाजलं होतं, उल्का काय, परग्रह काय. शेवटी तिरुअनंतपुरमच्या दोन सरकारी संस्थांनी मिळून अहवाल दिला की रंग ट्रेन्टेपोहलियाच्या स्पोअरचा आहे, आणि त्यासाठी पावसातले ते कण मिडियात वाढवूनही बघितले होते. सेक्रेटरींना हे जरूर ऐकवा.

वाढवायचं असेल तर भिंतीवरून चिमूटभर खरवडून बीबीएम अगारवर ठेवा, हे धाग्या-धाग्याचं असल्यामुळे एखादा स्वच्छ धागा सुईने उचलणं तुलनेने सोपं जातं. शाळेच्या मुलांना दाखवायला यापेक्षा चांगलं काही नाही, कारण भरपूर नायट्रेट आणि मंद उजेड मिळाला की काही आठवड्यांत केशरी धागे हिरवे व्हायला लागतात, आणि मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी कळतं की हे मुळात हिरवंच होतं. आणि कृपा करून भिंत ब्लीचने घासायला लावू नका, त्या शैवालाने भिंतीचं फारसं काही बिघडत नाही.

मॅडम, ज्युनियर कॉलेजला शिकवतो. ऑटोक्लेव्ह नाही, इनक्युबेटर नाही, लॅमिनार तर स्वप्नातच. एसी संध्याकाळी बंद होतो. तरी काही जमेल का?
– एक शिक्षक, ऐरोली

जमेल. ऑटोक्लेव्हच्या जागी घरचा प्रेशर कुकर, शिटीचं वजन ठेवल्यावर आत साधारण तेवढंच प्रेशर तयार होतं जेवढं ऑटोक्लेव्हला लागतं, १५ पाउंड, म्हणजे १२१ डिग्रीच्या जवळपास. शिटी झाल्यावर गॅस मंद करून वीस-पंचवीस मिनिटं, आणि कुकर आपोआप थंड होऊ द्या, घाईत शिटी उचललीत तर सगळा मिडिया फ्लास्कमधून उतू जातो. बाटल्यांची झाकणं सैल, वर फॉइल. पाणी डिस्टिल्डच घ्या, नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी कितीही चांगलं असलं तरी नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं.

लॅमिनारऐवजी, म्हणजे गाळलेल्या हवेच्या कपाटाऐवजी, पंखे आणि खिडक्या बंद केलेली खोली, ओल्या फडक्याने पुसलेलं टेबल, आणि स्पिरिट लॅम्पच्या जवळ काम. मुलांना हाताला सॅनिटायझर लावून लगेच ज्योतीजवळ जाऊ देऊ नका, एवढं बजावून सांगा.

खरी अडचण तापमानाची. ट्रेबुक्सियाला १५ ते २० डिग्री आवडतं, २५ पर्यंत कुरकुर करत चालतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बंद लॅब किती तापते ते तुम्हाला सांगायला नको. एक जुना चालू फ्रीज मिळवा, त्याच्या वायरला बाहेरून लावायचा डिजिटल टेम्परेचर कंट्रोलर जोडा, १८ वर सेट करा, आत एलईडीची छोटी पट्टी आणि बारा तास चालू-बंद करणारा टायमर. झाला इनक्युबेटर. ते जमत नसेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढ्यातच प्रयोग बसवा आणि ट्रेबुक्सियाचा हट्ट सोडून वरच्या बाईंसारखं भिंतीवरचं ट्रेन्टेपोहलिया घ्या, ते आपल्या हवेला सरावलेलं आहे. किंवा पावसात गच्चीवर येते ती काळपट हिरवी जेली घ्या, ते नोस्टॉक नावाचं सायनोबॅक्टेरियम, काही लायकेनमध्ये शैवालाच्या जागी हेच असतं. त्याला नायट्रेट न घातलेला बीजी-११ मिडिया द्या, हवेतला नायट्रोजन ते स्वतः ओढून घेतं आणि नायट्रोजन नसला की बाकीची हिरवी मंडळी आपोआप मागे पडतात. मण्यांच्या माळा आणि मधे मधे एखादा मोठा फिकट मणी, तो हेटेरोसिस्ट, पुस्तकातली आकृती मुलांना जिवंत बघायला मिळते.

शैवाल वेगळं वाढवलं, बुरशी वेगळी वाढवली, मग दोन्ही एकत्र टाकून परत दगडफूल बनवता येईल का? आणि शैवाल जर एकटं मजेत राहू शकतं तर ते बुरशीकडे जातंच कशाला?
– एक वाचक, घणसोली

फार चांगला प्रश्न, यावर दीडशे वर्षं भांडणं झालीत. १८६७ मध्ये फामिन्त्सिन आणि बारानेत्स्की या दोघा रशियन वनस्पतीशास्त्रज्ञांनी लायकेनमधल्या हिरव्या पेशी बाहेर काढून वाढवल्या, त्यांचे झूस्पोअरही बघितले, पण ते स्वतंत्र शैवाल आहे असं काही ते म्हणाले नाहीत, त्यांना तो लायकेनचाच अवयव वाटला. त्याच सुमारास स्वित्झर्लंडचे श्वेंडेनर म्हणाले की हे दोन वेगळे जीव आहेत, बुरशी मालक आणि शैवाल तिचे गुलाम. लायकेनवाले विद्वान भडकले, फिनलंडचे नायलँडर तर शेवटपर्यंत मानायला तयार नव्हते. एवढी वर्षं आपण ज्याला एक झाड म्हणून नावं दिली ते दोन निघालं हे पचवणं सोपं नसणार.

परत जोडता येतं का, तर येतं, पण सहज नाही. अमेरिकेत व्हर्नन अहमदजियान यांनी विसाव्या शतकात यावर आयुष्य घालवलं. लाल टोप्या असलेल्या क्लॅडोनिया क्रिस्टाटेला या लायकेनची बुरशी आणि शैवाल वेगवेगळं वाढवून त्यांनी परत जुळवलं. त्यातली गोम अशी की दोघांना भरपूर खायला दिलं तर ते एकमेकांकडे ढुंकूनही बघत नाहीत, आपापले वाढत राहतात. उपासमार हवी, आणि मधून मधून कोरडं पडायला हवं, तेव्हाच बुरशीचे धागे शैवालाभोवती गुंडाळायला लागतात. अहमदजियान यांनी त्यासाठी अभ्रकाच्या पट्ट्या मिडियात भिजवून वापरल्या होत्या, म्हणजे खायला बेताचंच आणि पट्टी हळूहळू वाळत जाते. आणि बुरशी भेटेल त्या शैवालाला जवळ करत नाही, न जुळणारं असेल तर त्याला मारूनही टाकते.

शैवाल बुरशीकडे का जातं? जातं की पकडलं जातं, इथूनच सुरुवात आहे. अहमदजियान याला आटोक्यातलं परजीवीपण म्हणायचे, आणि मी त्यांच्या बाजूची आहे. लायकेनच्या आत ट्रेबुक्सिया आपल्या कमाईचा मोठा भाग रिबिटॉल नावाच्या साखरी अल्कोहोलच्या रूपात बाहेर सोडतं आणि बुरशी तो उचलते. त्याच शैवालाला बाहेर काढून कल्चरमध्ये ठेवलं की थोड्याच काळात हे सोडणं जवळपास बंद होतं. खुशीचा मामला असता तर इतक्या पटकन हात आखडता घेतला असता का? दुसरी बाजूही सांगायला हवी, ट्रेबुक्सिया निसर्गात मोकळं फार कमी सापडतं, म्हणजे उघड्या दगडावर, भर उन्हात, बुरशीच्या सालीशिवाय त्याचा निभाव कठीणच दिसतो. त्यात एकाच लायकेनमध्ये दोन-दोन शैवालं एकत्र राहतात असंही आता दिसलंय, रामालिना फारिनेसिया नावाच्या लायकेनमध्ये दोन वेगळी ट्रेबुक्सिया शेजारी शेजारी सापडली, आणि २०१६ मध्ये काही लायकेनच्या सालीत तिसरीच एक यीस्ट निघाली. तेव्हा मालक-गुलाम हिशेबही पुरा पडत नाही. घरी मात्र हा प्रयोग करायला जाऊ नका, महिनोन् महिने कॉन्टॅमिनेशनशिवाय दोन कल्चर सांभाळणं हे लॅबचंच काम. पुण्याच्या आघारकर संस्थेत लायकेनवर आणि त्यांच्या कल्चरवर बरंच काम झालंय, सह्याद्रीतलं उस्निया घाटेन्सिस हे लायकेन त्यांनी कल्चरमध्ये वाढवून अभ्यासलंय. एमएस्सीला असाल तर तिकडे विचारा.

येऊरला भरपूर लायकेन दिसतं. रविवारी ग्रुपने जाऊन गोळा केलं तर चालेल ना?
– घोडबंदर रोड, ठाणे

नाही. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथलं पानसुद्धा परवानगीशिवाय उचलायचं नाही. सोसायटीत किंवा रस्त्याच्या कडेला वादळात पडलेली फांदी शोधा, त्यावर भरपूर मिळतं आणि जिवंत झाड खरवडावं लागत नाही. कागदी पाकिटात भरा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम सुटून कुजतं. लगेच काम होणार नसेल तर सावलीत वाळवून पाकिटासकट डीप फ्रीझरमध्ये ठेवा, वाळलेलं लायकेन थंडीत चांगलं टिकतं.

दिवाळीत कॉलेज तीन आठवडे बंद असतं, वीजही बंद करतात. कल्चर मरेल का?
– एमएस्सी भाग १, कळवा

इतक्यात मरत नाही, हळू वाढणाऱ्याचा हा फायदा. सुट्टीच्या दोन-तीन आठवडे आधी टेस्ट ट्यूबमध्ये अगारचे स्लँट, म्हणजे तिरके गोठवलेले थर, करून त्यावर ताजं कल्चर घे, थोडी हिरवी रेघ दिसायला लागली की ट्यूब घरच्या फ्रीजच्या दारात ठेव, दार उघडलं की मिळतो तेवढा उजेड पुरतो. आठवड्यातून एकदा दिवसभर बाहेर मंद उजेडात काढलीस तर अजून बरं. प्लेट फ्रीजमध्ये टाकू नकोस, झाकणात पाणी साठून सगळं वाहून जातं. प्रत्येक स्ट्रेनचे निदान दोन स्लँट, एक तुझ्याकडे आणि एक पार्टनरकडे. आणि ट्यूबवर नाव, तारीख, मिडिया लिहून वर "खाऊ नये" असं मराठीत मोठ्या अक्षरात लिही, दिवाळीत फ्रीज कोण कोण उघडतं त्याचा नेम नाही.